झोपाळ्याची साक्ष

मंजरीफोईंनी मुलाच्या बापाचं नाव घेतलं आणि झोपाळा थांबला.

रविवारची जेवणं नुकतीच उरकली होती. पुष्करराय अंजारिया, वकील, दिवाणखान्यातल्या पितळी कड्यांच्या झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं जमिनीला रेटा देत हलके झोके घेत होते. त्यांचे थोरले बंधू विभाकरभाई खिडकीपाशी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. विभाकरभाईंच्या पत्नी सौदामिनीबेन ताटात धणे घेऊन निवडत बसल्या होत्या. चार वाजता त्यांच्या मुलीला, चौलाला, बघायला माणसं येणार होती, आणि गोष्ट ठरलीच तर शकुनाचा गोळधाणा, म्हणजे गूळ आणि धणे, वाटायला ऐनवेळी डबे शोधत बसायला नको, असा त्यांचा हिशेब होता.

महिनाभर मंजरीफोईंनी, म्हणजे चौलाच्या आत्यानं, स्थळाचं नाव पोटात ठेवलं होतं. याआधी त्यांनी भाचीसाठी आणलेली दोन स्थळं याच खोलीत, याच वेळी, नाव उच्चारल्याबरोबर मोडली होती. पण पाहुणे दारात यायच्या आधी नाव सांगणं भागच होतं.

"मुलगा मलय. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो," फोई म्हणाल्या. "वसावडांचा. कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत ना, ज्योतींद्र वसावडा, त्यांचा."

पुष्कररायांचा अंगठा जमिनीवर टेकला तो टेकलाच. कड्यांची कुरकुर बंद पडली. मग लगेच झोपाळा पुन्हा हलायला लागला, जणू काही झालंच नाही. पण सौदामिनीबेननी निवडलेले धणे मुकाट्यानं परत डब्यात ओतले.

"हे काय भाभी?" फोईंनी विचारलं.

"नको."

"काय नको?"

"स्थळ नको. फोन करून सांगा, घरात कुणाला तरी ताप आलाय."

"अहो, ती माणसं निघायच्या तयारीत असतील!"

"मंजरीबेन, तुम्हाला दिसलं नाही का? थांबला."

"काय थांबलं?" पुष्कररायांनी विचारलं.

विभाकरभाईंनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. सौदामिनीबेन डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करू लागल्या. पुष्करराय पंचवीस-तीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले होते. साक्षीदार कधी गप्प बसतो, हे त्यांना सांगायला लागत नसे.

"मंजरीबेन," ते धाकट्या भावाच्या हक्कानं म्हणाले, "काय थांबलं?"

फोईंचा आधीच संताप झाला होता. "तुझा झोपाळा, पुष्कर! आणखी काय? तुझ्या अशिलाचं नाव निघालं की तुझा झोपाळा थांबतो. तू अळीमिळी गुपचिळी करून बसतोस आणि तुझा अंगठा सगळ्या गावाला सांगत सुटतो. वरचा मजला त्या नाणावटीला भाड्यानं का दिला नाही? झोपाळा थांबला. माझ्या नणंदेनं रूपाणी सर्कलजवळचा प्लॉट का घेतला नाही? झोपाळा थांबला. आणि गल्लीतल्या बायका दर आठवड्याला विरजण मागायला का येतात, असं वाटतं तुला?"

पुष्कररायांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. त्यांना आजवर खरोखरच वाटत आलं होतं की या गल्लीत कुणाकडे दही नीट लागत नाही. बाया वाटी घेऊन यायच्या, दारात उभ्या राहून दोन इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलायच्या, मध्येच कुणाचं तरी नाव घ्यायच्या आणि समाधानानं परत जायच्या.

"दादा, तुम्हालाही ठाऊक होतं?" त्यांनी वर्तमानपत्राला विचारलं.

"मी एकदाच उपयोग केला," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "स्कूटर घेताना."

पुष्करराय उठले. उतरताना त्यांनी डाव्या हातानं झोपाळ्याची कडी धरली आणि क्षणभर तसेच उभे राहिले. हल्ली ते असंच करत. पण ते कुणी पाहिलं नाही, कारण या घरात सगळ्यांची नजर त्यांच्या पायांवर असे.

---

घराच्या पुढच्या भागात कचेरी होती. मधे एक दार. हे दार चौलाच्या आजोबांनी बसवलं तेव्हाच नियम घातला होता, की कचेरीतला कागद आणि कचेरीतलं नाव या उंबरठ्याच्या आत यायचं नाही. 'अंजारियांच्या कानात सांगितलं म्हणजे घोघ्याच्या समुद्रात टाकलं,' असं भावनगरात म्हणत. पुष्कररायांनी लग्न केलं नाही, जमीनजुमला केला नाही, कमावली ती ही एवढीच गोष्ट. आणि ती आज भाभी धणे निवडता निवडता घेऊन गेल्या होत्या.

चौला मागोमाग आली. तीन वर्षांपासून तीही याच कचेरीत वकिली करत होती, पण काकांच्या अशिलांच्या कागदांच्या कपाटाला तिनं कधी हात लावला नव्हता.

"काका, मी काही विचारायला आले नाही."

"मग दार लाव आणि बस."

ती बसली. थोडा वेळ टेबलावरची टाचण्यांची डबी फिरवत राहिली.

"तुम्ही आईला एवढंच सांगा, की वसावडा कधी तुमच्याकडे आलेच नाहीत."

"खोटं बोलू?"

"म्हणजे आलेत."

पुष्करराय तिच्याकडे बघत राहिले. "उलटतपासणी तुला मीच शिकवली, नाही का?"

"मग असं सांगा, की आले असतील, पण त्यात वाईट काही नाही. कुणी मृत्युपत्र करतं, कुणी करारनामा दाखवतं. वकिलाकडे आलेला प्रत्येक माणूस काय चोर असतो?"

"बरं. समज, आज सांगितलं मी. उद्या आईनं दुसऱ्या कुणाबद्दल विचारलं आणि मी गप्प राहिलो, तर आई काय समजेल?"

चौलाला उत्तर ठाऊक होतं.

"एकाला चांगलं म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना मीच फाशी दिली," पुष्करराय म्हणाले. "चांगलंही सांगता येत नाही, बेटा. वाईट तर नाहीच नाही. आणि या कामात तर मी एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला मुलीचा काका. मी तोंड उघडलं तर कुठल्या बाजूनं उघडलं, ते माझं मलाही कळणार नाही."

"मग माझं काय?"

"दुसरं चांगलं स्थळ आणतील मंजरीबेन."

"हे स्थळ फोईंनी आणलेलं नाही." चौलानं डबी खाली ठेवली. "मीच फोईंना आणायला लावलं. मलयला मी ओळखते काका. खूप दिवस झाले. आईला सरळ सांगितलं असतं तर ती आधी रडली असती आणि मग चौकशी केली असती. म्हटलं, रीतीनं येऊ दे, तिच्याच हातानं ठरू दे. लग्न करीन तर याच्याशीच, आणि आईच्या मनाविरुद्ध करणार नाही. एवढं सगळं जुळवून आणलं आणि तुमच्या अंगठ्यानं..."

या पोरीनं पहिलं पाऊल टाकलं ते पुष्कररायांचं बोट धरून. बाकी कुणाचं काहीही मोडो, तिचं मोडता कामा नये, एवढंच त्या क्षणी त्यांना वाटलं. आणि तरीही त्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती ती तिथंच राहिली.

"मी संध्याकाळपर्यंत तळाजाला जाऊन येतो," ते म्हणाले. "घरात नसलोच तर प्रश्नच मिटला."

"आई म्हणेल, तोंड चुकवून पळाले."

"खुर्चीवर बसतो."

"म्हणेल, आज झोपाळ्यावर बसायचीही हिंमत झाली नाही."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालं होतं. मग पुष्कररायांच्या चेहऱ्यावर कोर्टातलं ते जुनं हसू आलं.

"साक्षीदार आपल्याविरुद्ध बोलत असेल तर काय करायचं?"

"तो भरवशाचा नाही, हे दाखवून द्यायचं," चौला म्हणाली.

"चल."

---

पुढचा तासभर अंजारियांच्या दिवाणखान्यात जे चाललं, ते त्या घरानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुष्करराय झोपाळ्यावर जाऊन बसले आणि निघेल त्या नावाला झोपाळा थांबवायला लागले. फोई म्हणाल्या, गाठिये कालच्या दुकानातून आणू नका, मनहरच्या दुकानातून आणा. झोपाळा थांबला. विभाकरभाई म्हणाले, आमच्या शाळेतल्या त्रिवेदीसाहेबांना पुरस्कार मिळाला. झोपाळा थांबला. कामवाली बाई उद्या येणार नाही म्हणून सांगायला आली, तेव्हाही थांबला.

"मनहर गाठियावालासुद्धा?" सौदामिनीबेननी धास्तावून विचारलं. "आपण लग्नामुंजीला त्याच्याकडूनच घेतो!"

"भाभी, तो मुद्दाम करतोय," फोई म्हणाल्या. "होईल सगळं नीट, हाटकेश्वर आहेत ना."

झोपाळा थांबला.

"म्हणजे महादेवसुद्धा तुमचे अशील, पुष्करभाई?"

रेटा, थांबा, रेटा, थांबा असं करता करता पुष्कररायांना भिंतीवरच्या एका घड्याळाची दोन घड्याळं दिसायला लागली होती. कपाळावर घाम आला होता.

आणि एवढं करून फळ काय? सौदामिनीबेन काही खुळ्या नव्हत्या. "आत्ताचं सोडा," त्या म्हणाल्या. "जेवल्यावर थांबला तो खरा. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं."

एखाद्या न्यायाधीशानंही याहून चोख निकाल दिला नसता. इतक्यात फाटकाशी गाडी थांबली.

---

गाडीतून उतरणाऱ्या मलयच्या आई प्रफुल्लाबेन वसावडासुद्धा काही मोकळ्या मनानं आल्या नव्हत्या.

मंजरीबेननी स्थळ सुचवलं तेव्हा त्या हरखल्या होत्या. नागर ब्राह्मणांचं घर, शिकलेली मुलगी. पण रात्री जेवताना त्यांनी 'अंजारिया' म्हटलं आणि डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. डॉक्टर घरी रुग्णांविषयी अवाक्षर काढत नसत. मात्र रुग्णाचं नाव निघालं की त्यांचा चष्मा हमखास धुरकट होई, आणि ही गोष्ट प्रफुल्लाबेनना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होती. म्हणजे त्या घरात कुणाला तरी काहीतरी आहे. मुलीलाच असेल तर? बहिरेपण पुढच्या पिढीत उतरतं म्हणतात. मलयनं पुन्हा पुन्हा गळ घातली नसती तर त्या आल्याच नसत्या.

"जय हाटकेश, जय हाटकेश," झालं. गाठिये आले, तोंडी लावायला कच्च्या पपईचा संभारा आला, चहा आला. डॉक्टर आणि वकील एकमेकांना नमस्कार करून शक्य तितके लांब बसले. मलय चौलाकडे न बघण्याच्या नादात एकटाच अर्धी बशी गाठिये खाऊन बसला.

"चौलाबेन," प्रफुल्लाबेन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साखर जरा कमीच हं."

"हो, अर्धाच चमचा घातलाय," चौला म्हणाली.

ऐकू येतंय. प्रफुल्लाबेननी एक शंका बाजूला ठेवली. "तुमचे सासरे कशानं गेले हो?" त्यांनी सौदामिनीबेनना विचारलं.

"वयानं. तुमच्या घरी कधी कोर्टकचेरी?"

"आमच्या? कधीच नाही. घरात कुणाला फीट वगैरे?"

"छे. तुमची जमिनीची वगैरे भांडणं?"

"मुळीच नाहीत. आणि मनाचे काही आजार?"

"अजून तरी नाहीत," सौदामिनीबेन म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबांवर कुणी कधी फिर्याद?"

"भाभी!" फोई म्हणाल्या.

चौलानं हातातला ट्रे खाली ठेवला. तिनं मलयकडे पाहिलं, मग काकांकडे. ती काही मागत नव्हती. मागायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेच पुष्कररायांना सहन झालं नाही.

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. आणि तो चष्मा आणि त्याकडे रोखून बघणाऱ्या प्रफुल्लाबेन दिसल्याबरोबर पुष्कररायांना सगळं उमगलं. त्या घरातही एक झोपाळा होता.

दुसऱ्याचं आपण सांगू शकत नाही, हे खरं. पण स्वतःचं?

"प्रफुल्लाबेन," ते म्हणाले, "घरात आजार कुणाला, हेच विचारायचंय ना तुम्हाला? मला. डॉक्टरसाहेबांचा रुग्ण मी आहे. मला चक्कर येते. कानाचा दोष आहे, पिढीजात नाही. तीन महिने झाले, हे मला झोपाळा सोडायला सांगतायत. मी सोडला नाही, आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. चक्कर येणाऱ्या वकिलाच्या हातात कोण खटला देईल?"

पुष्करराय उठायला गेले, कडीला धरूनही त्यांचा तोल गेला, आणि सौदामिनीबेननी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"पुष्करभाई," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही तुमचे पाय बघत बसलो. एकदा तोंडाकडे बघितलं असतं तर..." त्यांनी दिराला खुर्चीवर बसवलं आणि पदरानं डोळे टिपले.

"तुम्ही हे सांगायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"माझं होतं, मी सांगितलं. दुसऱ्या कुणाचं एक अक्षर सांगितलेलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, चौलाकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी, पाण्यात उडी घ्यावी तसा श्वास घेऊन, बायकोकडे पाहिलं.

"मग माझंही सांगून टाकतो. मी यांचा अशील आहे. मी कागद करून घेतलाय, की मी गेल्यावर माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा. मुलांना शिकायला."

"शुभ बोला, शुभ बोला!" फोई म्हणाल्या आणि घाईघाईनं गुळाची वाटी सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली.

"एवढंच?" सौदामिनीबेनच्या तोंडून निघालं.

पण प्रफुल्लाबेनना ते एवढंच नव्हतं. "देह द्यायचा? आणि मला न विचारता? घरात आजवर एक दिवा बदलला नाही या माणसानं, आणि आता मेल्यावर कामाला येणार!"

"तू रडशील म्हणून नाही सांगितलं."

"रडेनच! तो माझा प्रश्न." त्यांनी खरंच डोळ्याला रुमाल लावला, मग रागानं काढला आणि पुष्कररायांकडे वळल्या. "वकीलसाहेब, त्या कागदावर माझंही नाव घाला. हे एकटे गेले तर तिथे यांना मोजे कोण शोधून देणार?"

आधी विभाकरभाई हसले. मग मलय हसला आणि त्याला गाठियाचा ठसका लागला. चौला हसता हसता रडायला लागली. "वा रे वा," फोई म्हणाल्या, "म्हणजे हा त्यांचा रुग्ण, ते याचे अशील, आणि महादेवाच्या देवळात समोरासमोर आले तरी दोघं ओळख दाखवत नाहीत! मी म्हणत होते, यांचं जुनं वैर आहे की काय."

सौदामिनीबेननी डबा उघडला आणि धणे पुन्हा ताटात ओतले. निवडायचे फारसे राहिले नव्हतेच.

---

गोळधाणा वाटायचं काम चौलाकडे आलं. नवी सून आपल्या हातानं वाटते, असं फोईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. झोपाळा खिडकीच्या गजाला बांधून टाकला होता. पुष्करराय खुर्चीवर बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर, आणि आज कित्येक वर्षांनी त्यांच्या पायांना काहीही काम नव्हतं. मोकळं वाटत होतं.

"आता लग्नाच्या आधी वरच्या मजल्याचंही काहीतरी करा," फोई गूळ चघळत म्हणाल्या. "रिकामा पडलाय. ते धनवंत कंसारा विचारत होते. माणूस चांगला वाटतो."

सवयीनं सगळ्यांच्या माना पुष्कररायांच्या पायांकडे वळल्या. पाय होते तिथेच होते. धनवंत कंसारा हे नाव त्यांनी आजच पहिल्यांदा ऐकलं होतं.

पण प्रफुल्लाबेनच्या तळहातावर गोळधाणा ठेवायला गेलेला चौलाचा हात मधेच थांबला. अगदी क्षणभर. मग तिनं हसून गोळधाणा ठेवला आणि ती पुढे सरकली.

ते एकट्या सौदामिनीबेननी पाहिलं. त्यांनी आपल्या वकील मुलीच्या हाताकडे पाहिलं, खुर्चीवरच्या दिराकडे पाहिलं. मग कंसारांबद्दल एक शब्दही न काढता त्या उठल्या.

"चुलीवर दूध आहे, उतू जाईल," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. चुलीवर दूध नव्हतं.